प्रोबांडचा डावा हात

आमच्या घरात पडण्याचा विषय कुणी काढत नसे. माझे वडील परभणी जिल्ह्यातल्या गावोगावच्या पाण्याच्या टाक्या रंगवायचे. मी सहावीत असताना परांचीचा बांबू सुटला आणि ते तीस फुटांवरून खाली आले. कंबरेचं हाड मोडलं, दीड वर्ष खाटेवर काढलं. ठेकेदार एकदा डझनभर केळी घेऊन येऊन गेला, नंतर दिसला नाही. आई शाळेत खिचडी शिजवायला जायची आणि उरलेली डब्यात घालून आणायची. संध्याकाळी आम्ही तिघं तीच खायचो. घरात खाट मांडली की बसायला जागा उरत नसे, म्हणून मी वस्तीतल्या विहारात बसून अभ्यास केला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

पुढे इंजिनिअर झाले, मास्टर्ससाठी जर्मनीत आले आणि स्टुटगार्टमध्ये सीट बेल्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. गाडी एकदम थांबली की माणसाच्या हाडांचं काय होतं, ते मोजायचं हे माझं काम. वडिलांमुळे हे क्षेत्र निवडलंस का, असं आता लोक डोळ्यांत पाणी आणून विचारतात. नाही. नोकऱ्या तिथे होत्या.

आणि त्या शहरात, एका चढावरच्या चार मजली घरात, मला असा माणूस भेटला ज्याची नोकरीच पडण्याची होती.

ते तळमजल्यावर राहत, मी तिसऱ्या. पहिली भेट भांडणाने झाली. त्या भागात केअरवोखे नावाची रीत आहे. आठवडाभर जिना झाडायची-पुसायची पाळी ज्याची, त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते. ती माझ्या दाराला लटकली होती आणि मला वाटलं, कुणीतरी शोभेची वस्तू लावून गेलंय. आठव्या दिवशी बेल वाजली. दारात उंच, वाळके, ताठ असे एकोणऐंशी वर्षांचे गृहस्थ.

"फ्राऊ कांबळे, जिना."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आल्झो, म्हणजे मग, आत्ता मी सांगितलं."

मी बादली घेऊन आले, तरी ते हलेनात. काय काम करता म्हणाले. सीट बेल्ट म्हटल्यावर त्या गृहस्थांनी भर जिन्यात शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि गळ्याखालचं हाड दाखवलं. त्यावर सुपारीएवढा उंचवटा होता. "हा तुमचा बेल्ट. दोन बोटं वर बांधला होता. मी त्यांना म्हटलं होतं, वर आहे. ते म्हणाले, बघू. बघितलं." मग बटणं लावून, किंचित झुकून ओळख करून दिली, "मी प्रोबांड."

प्रोबांड म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतात तो. तरुणपणी ते एका संशोधन संस्थेत नोकरीला होते. आधी रुळांवरच्या गाड्यावर. गाडा भन्नाट वेगाने सोडायचा आणि काही पावलांत थांबवायचा, वर हे बांधलेले. पुढे उंचावरून उड्या. प्रवासी विमानं उडतात त्याच्याही वरून, दाबाचा पोशाख घालून, पॅराशूट बराच वेळ बंद ठेवून नुसतं पडत यायचं. वैमानिकाला तेवढ्या उंचीवर विमान सोडावं लागलं तर तो जिवंत खाली येईल का, हे शोधायला. त्यांचं खरं नाव घंटीवर होतं, पण आमच्या इमारतीत सगळे त्यांना हेर प्रोबांडच, म्हणजे श्रीयुत प्रोबांडच म्हणत. ते त्यांना आवडायचंही.

मी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पडायचा पगार मिळतो होय तिकडे? तुझ्या बापाला केळी मिळाली."

त्यांच्याबरोबर एस-बानने, तिथल्या लोकलने, जायचं म्हणजे परीक्षाच. गाडीने ब्रेक लावला की ते डोळे मिटायचे आणि आपलं वजन किती पटीने पुढे ओढलं गेलं त्याचा आकडा सांगायचे. "शून्य पूर्णांक एक. ड्रायव्हर जुना आहे." कधी, "शून्य पूर्णांक दोन. नवीन. किंवा घरी भांडून आलाय." एकदा मी मोबाइलवर मोजून पाहिलं. आकडा बरोबर निघाला. तेव्हापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आम्हा इंजिनिअर लोकांचा विश्वास असाच बसतो.

त्यांचं एक पालुपद होतं, "आधी कागद, मग तोंड." संस्थेचा तो नियमच होता. गाड्यावरून उतरवलेला किंवा आकाशातून उतरलेला माणूस डॉक्टर सोडून कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. आधी टेबलावर बसून, हाताने, काय काय जाणवलं ते लिहायचं. कारण एकदा बोललं की माणूस ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून गोष्ट बदलतो. नोकरी संपून कित्येक वर्षं झाली, तरी ते घरातही तसेच वागत. शेजारणीच्या कुत्र्याने त्यांच्या गुलाबात लघवी केली तर ते आत जाऊन अर्धं पान लिहीत आणि मग बाहेर येऊन बोलत. तोवर कुत्रं, शेजारीण दोघंही निघून गेलेली असत.

माझ्या कामात एकदा माझा प्रयोग माझ्या साहेबांनी स्वतःच्या नावावर मांडला. मी तणतणत आले, जिन्यातच सुरू झाले. त्यांनी हात वर केला. "कागद." त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी दोन पानं लिहिली. त्यांनी वाचली नाहीत. फक्त म्हणाले, "आता उद्या जा आणि एवढंच बोला. वाढवू नका." मी तेवढंच बोलले. नाव परत मिळालं. चिडून गेले असते तर रडले असते आणि सगळं घालवलं असतं.

माणूस अगदी एकटा होता. बायको नाही, मूल नाही. रोज सकाळी सात वाजता नाडी, वजन, झोप किती लागली, डाव्या कानात आवाज आहे का, हे सगळं ते वहीत लिहीत. संस्थेने एके काळी सांगितलं होतं, प्रयोगांचे परिणाम पुढे किती वर्षं राहतात ते बघायचंय म्हणून. संस्थेने त्या वह्या मागितल्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

"मग कशाला लिहिता?"

"मागतील."

"तीस वर्षांत नाही मागितल्या."

"हो. म्हणजे आता वेळ जवळ आली असेल."

ते विनोद करत होते की नाही, मला कळलं नाही. त्या वह्या आता माझ्याकडे आहेत. एक कपाट भरून.

वर्षातून एकच आमंत्रण त्यांना यायचं. सप्टेंबरात संस्थेत जुन्या माणसांचं स्नेहसंमेलन असे. केक, कॉफी, भाषणं. पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची. सूट जुलैपासून कपाटाबाहेर टांगलेला असायचा. बाकीचं वर्ष ते त्या एका दिवसाच्या अलीकडे किंवा पलीकडे असायचं.

मी तरी कुठे वेगळी होते? रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे, सहकारी आपापल्या घरी. आईचा फोन ठेवला की सोमवारपर्यंत मराठी शब्द कानावर पडायचा नाही. म्हणून दर रविवारी अकरा वाजता मी पोहे घेऊन खाली जायची. ते मिरच्या एकेक करून बाजूला काढायचे, ताटाच्या कडेला रांग लावायचे आणि शेवटी मोजून सांगायचे. "आज सात. मागच्या वेळी पाच. तुमचा आठवडा वाईट गेला." आम्ही शेवटपर्यंत एकमेकांना 'तुम्ही'च म्हणालो.

अशाच एका रविवारी मी त्यांना विचारलं, वरून पडताना कसं वाटतं?

त्यांनी मिरच्यांचं ताट बाजूला सरकवलं. "वाटतच नाही. वर हवा नसते. वारा लागत नाही, आवाज नाही. जवळून काही मागे जात नाही, मग पडतोय हे कळणार कशावरून? आपण टांगलेले असतो. पृथ्वी खाली असते, ती मोठी होत नाही. पहिल्या उडीत मला वाटलं, मला विसरले. मी आता इथेच राहणार." पुढे म्हणाले, "खाली हवा सुरू होते. मग ती धरते आणि फिरवते. तेव्हा बरं वाटतं. कुणीतरी हात लावला असं."

मग मी, आयुष्यात पहिल्यांदा, घराबाहेरच्या माणसाला वडिलांचं पडणं सांगितलं. त्यांनी हळहळ वगैरे काही केली नाही. तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "तीस फूट. एक पूर्णांक चार सेकंद. त्यांना काय दिसलं?"

"माहीत नाही."

"कुणी विचारलं नाही?"

नव्हतं विचारलं. ठेकेदाराने नाही, डॉक्टरने नाही, आम्हीही नाही. मी तिथूनच फोन लावला. वडील आधी म्हणाले, "कशाला आता ते उकरायचं?" मग म्हणाले, "ब्रश दिसला. हातातला ब्रश सुटला होता ना, तो माझ्या शेजारी होता. असा, वीतभर अंतरावर. हालतच नव्हता बघ. मला वाटलं, धरावा."

मी जर्मनमध्ये सांगितलं तशी हेर प्रोबांड खुर्चीतून उठलेच. "गेनाऊ! अगदी बरोबर! हालत नाही!" त्यांनी वही ओढली, तारीख घातली आणि माझ्या वडिलांचं नाव स्पेलिंग विचारून विचारून लिहिलं. परभणीत फोनवर वडील विचारत होते, "काय म्हणतोय गं तो? खरं वाटलं का त्याला?" त्यांचा आवाज मी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर हेर प्रोबांडनी मला आपल्या उड्यांच्या अहवालांच्या नकला वाचायला दिल्या. मोठाच मान होता तो. पण माझ्यात एक खोड आहे. कागद हातात आला की मी आकडे ताडून बघते.

एका उडीत ते आडवे पडून भोवऱ्यासारखे फिरू लागले होते. त्यांनी लिहिलं होतं, "पूर्ण शुद्धीत होतो. डावा हात छातीशी ओढून घेतला, उजवा पसरलेला ठेवला, फिरणं थांबवलं." सुरेख, तिरकं अक्षर. त्याच गठ्ठ्यात तळाशी दुसरा एक तक्ता होता. जमिनीवरून घेतलेल्या फिल्मवरून कुणीतरी सेकंदासेकंदाला हातपाय कुठे आहेत ते नोंदलं होतं. डावा हात, बाहेर. डावा हात, बाहेर. मोठं पॅराशूट आपोआप उघडेपर्यंत सगळ्या ओळींत तेच, बाहेर. आणि फिरण्याचा वेग असा होता की माणूस शुद्धीवर राहणंच शक्य नव्हतं.

रविवारी मी पोहे ठेवले आणि बोलून टाकलं, "हेर प्रोबांड, हे खोटं आहे. तुमचा हात आत आला नव्हता. तुम्ही बेशुद्ध होता."

आमच्याकडे सरळ बोलायची पद्धत आहे, पण त्या दिवशी मला ती आवरता आली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चमचा खाली ठेवला. मिरच्या मोजल्या नाहीत. "फ्राऊ कांबळे, मला आता झोपायचंय," म्हणाले. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते.

पाच आठवडे ते बोलले नाहीत. जिन्यात भेटले की भिंतीकडे सरकून वाट द्यायचे. पाळीची पाटी माझ्या दाराला न चुकता लागायची, पण बेल वाजायची नाही. आई म्हणाली, "म्हातारं माणूस आहे, माफी माग आणि मोकळी हो." मी म्हटलं, आकडा चुकला असता तर मागितली असती.

सहाव्या रविवारी ते स्वतः वर आले. तीन जिने चढून, पहिल्यांदाच. हातात चार पानं होती. "वाचा. मग बोलू."

मी उभ्या उभ्या वाचलं. ते म्हणजे एका खेड्यातल्या चांभाराचा मुलगा, शाळा अर्धवट सुटलेली. संस्थेत सगळे डॉक्टर आणि इंजिनिअर, त्यांच्यात आपली काही किंमत असेल तर ती शरीराची, हे त्यांना ठाऊक होतं. बेशुद्ध झालो असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी काढून टाकलं असतं. म्हणून डावा हात आत ओढला असं लिहिलं. सगळ्यांचा विश्वास बसला, फिल्मचा तक्ता कुणी ताडून पाहिला नाही. वरिष्ठांनी ठरवलं, माणूस हातांनी फिरणं थांबवू शकतो, तर तोल सावरणारं छोटं पॅराशूट आणखी उशिरा उघडू द्यावं. पुढची उडी युर्गेनची होती. युर्गेन हा त्यांचा एकुलता एक मित्र. तो फिरला, फिरतच राहिला. जिवंत उतरला, पण एक डोळा गेला आणि उडणं कायमचं सुटलं. चौकशीत लिहिलं गेलं की युर्गेनने सूचना पाळली नाही, हात ओढला नाही. तो घाबरला.

"मी त्या खोलीत होतो," हेर प्रोबांड म्हणाले. "सही करायला बोलावलं होतं. केली. त्यानंतर युर्गेनच्या घरी गेलो नाही."

युर्गेन वारला होता. त्याची मुलगी कोलोनला होती.

"तिला सांगा," मी म्हटलं. "आणि संस्थेलाही."

"सप्टेंबरात मग मला कोण बोलावेल?"

बोलावणार नव्हतंच कुणी. खोटं कशाला बोलू? वर्षातला तो एकच दिवस होता त्यांच्याकडे. माझ्या घरी या, असं म्हणणं फारच हलकं झालं असतं.

तिला आणि संस्थेला द्यायचं पत्र ते दोन महिने लिहीत होते. पहिल्या खर्ड्यात 'नोंदीत त्रुटी राहिली' असं होतं. मी परत दिलं. मग 'स्मरणात गफलत झाली.' तेही परत दिलं. ते चिडले. "तुम्ही फार कठोर आहात!" मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत म्हणून." शेवटी एक वाक्य आलं, "मी खोटं लिहिलं आणि ते खोटं आहे हे मला लिहितानाच माहीत होतं." त्याखाली त्यांनी सही केली आणि मला म्हणाले, "माझी नाडी बघा जरा." एकशेबारा होती.

कोलोनला आम्ही वेगवान गाडीने गेलो. डब्यातल्या पडद्यावर तीनशेचा आकडा आला. समोरची बाई केक खात होती. हेर प्रोबांड आकड्याकडे, मग बाईकडे बघून म्हणाले, "आम्ही हाडं मोडली ती यांना केक खाता यावा म्हणून." सूट घातला होता, स्नेहसंमेलनाचा.

युर्गेनच्या मुलीने दार उघडलं. पन्नाशीची, केस बारीक कापलेली. बसा म्हणाली नाही. त्यांनी नाव सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "मला माहीत आहे तुम्ही कोण. तुम्हा दोघांचा फोटो होता आमच्या घरी. आई उतरवून ठेवायची, बाबा परत लावायचे."

त्यांनी पाकीट पुढे केलं. तिने घेतलं नाही. "तुम्ही वाचा."

मग त्या माणसाने स्वयंपाकघरात उभं राहून चारही पानं वाचली. एकही ओळ गाळली नाही.

"बाबांना माहीत होतं," ती म्हणाली. "ते म्हणायचे, त्या वेगात कुणाचाच हात आत येत नाही. त्याचाही आला नसेल. आई म्हणायची, मग जाऊन सांग ना सगळ्यांना! तर म्हणायचे, तो येईल. तो आधी लिहील आणि मग येईल, त्याला वेळ लागतो."

हेर प्रोबांड खाली बसले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बसले.

"फार उशीर केलात," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले.

तिने त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने कॉफी केली, तीन कप. त्यांच्या पुढ्यातला कप तसाच थंड झाला. निघताना तिने संस्थेसाठी आणलेल्या दुसऱ्या प्रतीवर साक्षीदार म्हणून सही केली आणि म्हणाली, "संस्थेला मीच पाठवते. तुमच्यावर सोडलं तर आणखी चाळीस वर्षं लागतील." यावर ते हसले. मला वाटतं, त्या दिवसातलं तेवढंच.

त्या वर्षी सप्टेंबरात आमंत्रण आलं नाही. सूट त्यांनी टांगलाही नव्हता. संमेलनाच्या शनिवारी मी सुट्टी असूनही कुठे गेले नाही. आम्ही दोघं बागेतल्या बाकावर बसलो. शेजारणीचं कुत्रं येऊन गुलाबापाशी उभं राहिलं. मी बघितलं त्यांच्याकडे. ते उठले नाहीत, कागदही मागितला नाही. "असू दे," म्हणाले.

फेब्रुवारीत न्यूमोनियाने ते हॉस्पिटलमध्ये गेले. मी कामावरून रोज जायची. बोलणं कमी झालं होतं. एकदा डोळे मिटूनच म्हणाले, "फ्राऊ कांबळे, इथेही वारा नाही." मी त्यांचा हात धरला. काहीतरी जवळ असावं म्हणून धरला. तिसऱ्या दिवशी ते गेले. अंत्यविधीला आम्ही चारच माणसं होतो. पाद्री, शेजारीण, मी, आणि पहाटेची गाडी पकडून कोलोनहून आलेली युर्गेनची मुलगी.

एप्रिलमध्ये तिला संस्थेचं उत्तर आलं आणि तिने त्याची नक्कल मला पाठवली. जुन्या चौकशीचा निष्कर्ष रद्द झाला आहे. युर्गेनच्या नावापुढे आता अधिकृतपणे लिहिलेलं आहे की त्या उडीत तो घाबरला नव्हता, आणि त्या वेगात हात आत ओढणं कुणालाही शक्य नव्हतं.